पाच हजार वर्षे न गळलेले छत

डिसेंबर आला की आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजच्या दगडी थडग्यात शिरणाऱ्या सूर्यकिरणाचे व्हिडिओ फिरू लागतात, आणि मागोमाग ‘प्राचीन ऊर्जाकेंद्र’, ‘परग्रहवासी’ वगैरे. किरण खरा आहे. पुरातत्त्वज्ञ मायकेल ओ'केली यांनी २१ डिसेंबर १९६७ रोजी तो आत उभे राहून पाहिला. दारावर झरोका आहे आणि १९ मीटरची वाट आत जाताना सुमारे २ मीटर चढते. त्यामुळे दालनाची जमीन झरोक्याच्या पातळीला येते. दारातला उजेड वाटेतच अडतो, झरोक्यातला दालन गाठतो, तोही १७ मिनिटेच. यात गूढ काही नाही, चोख मोजमाप आहे.

पण खरी करामत छताची! पावसाळी प्रदेश, वर दगडमातीचा ढीग, आणि दालन कोरडे.

हे छत कमानीचे नाही. शिळांचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवायचा, असे करत ६ मीटर उंचीवर मधली फट एका शिळेने झाकायची. हेमाडपंती देवळांच्या मंडपातही हीच युक्ती दिसते. धोका असा, की शिळेचा गुरुत्वमध्य आधाराच्या कडेपलीकडे गेला तर ती आत कोसळते. म्हणून तिच्या मागच्या टोकावर लगेच दगडांचा भार द्यावा लागतो. म्हणजे छत आणि भोवतालचा ढीग बरोबरीनेच चढवायचे. आधी छत, मग भर, असे चालत नाही.

शिवाय शिळा किंचित बाहेर उतरत्या ठेवल्या आहेत. उतार आतल्या बाजूला असता तर मुरलेला प्रत्येक थेंब दालनात ठिबकला असता. वाटेवरच्या छताच्या शिळांना वरून पन्हळी कोरल्या आहेत. त्या बांधल्यावर कायमच्या झाकल्या गेल्या, तेव्हा त्या नक्षी नव्हेत, पाणी वाहून नेण्यासाठीच आहेत. सांध्यांत भाजलेली माती आणि समुद्राची वाळू ठासली आहे. याच लुकणातल्या सेंद्रिय अंशाच्या रेडिओकार्बन मापनातून बांधकामाचा काळ इ.स.पू. ३२०० च्या आसपास ठरला. गिझाचा मोठा पिरॅमिड त्यानंतर सुमारे सहाशे वर्षांनी आला.

वाटेचे नशीब मात्र दालनाएवढे बलवत्तर नव्हते. दालनात गोलाकार थर एकमेकांना रेटून धरतात. वाटेला दोन्हीकडे उभ्या शिळांची नुसती रांग, त्यामुळे ढिगाच्या दाबाने कित्येक आत कलल्या. १९६२ पासूनच्या उत्खननात वरची भर उतरवून त्या पुन्हा सरळ कराव्या लागल्या. दालनाचे छत तसेच राहिले.