एग-मोर्तला जाण्याआधी हे वाचून घ्या

आमच्या दक्षिण फ्रान्सच्या सहलीच्या कार्यक्रमात एग-मोर्तला अख्खा दिवस दिलेला पाहून बरेच प्रवासी विचारतात, एवढ्याशा गावात दिवसभर करायचं काय? गाव लहान आहे हे खरंच. तटाच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा मिनिटांत चालून होतं. पण तट, बुरूज आणि मिठागर यांची बघायची वेळ एक नाही. दोन तासांत उरकायला गेलं की यातलं एक हमखास हुकतं, आणि हुकतं ते बहुधा मिठागर.

समुद्र नसलेलं बंदर

नावाचा अर्थ 'मेलेलं पाणी', म्हणजे साचलेलं, दलदलीचं. अशा जागी गाव वसवायला कारण होतं. तेराव्या शतकात फ्रान्सचा राजा नववा लुई याला धर्मयुद्धासाठी भूमध्य समुद्रावर स्वतःचं बंदर हवं होतं, आणि मार्सेयचं बंदर तेव्हा त्याच्या राज्यात नव्हतं. म्हणून त्याने 1240 मध्ये प्साल्मोदी मठाच्या साधूंकडून ही जमीन मिळवली. डास आणि दलदलीत राहायला कोण येणार? 1246 मध्ये राजाने इथल्या रहिवाशांना करांत भरघोस सवलती दिल्या, तेव्हा कुठे वस्ती वाढली. 1248 च्या ऑगस्टमध्ये तो इथूनच निघाला. 1270 मध्ये पुन्हा निघाला आणि उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिसजवळ आजारी पडून वारला.

समुद्र तटाला कधीच भिडलेला नव्हता. खाजण आणि कालव्यांतून होड्या गावापर्यंत येत. आजही समुद्र सुमारे 6 किलोमीटरवर, ल ग्रो-द्यु-र्वा या गावी आहे. कालवे गाळाने भरत गेले, 1481 मध्ये प्रोव्हान्स प्रांत आणि त्यासोबत मार्सेय फ्रान्सला मिळालं, आणि या बंदराची गरजच संपली. तट इतका धड राहिला त्याचं श्रेय आम्ही या पडत्या काळाला देतो. व्यापार वाढता तर तट पाडून रस्ते रुंद केले असते.

बुरूज आधीचा, तट नंतरचा

हे सगळं लुईने बांधलं असं सर्रास सांगितलं जातं. त्याचा आहे तो फक्त वायव्य कोपऱ्यातला एकटा, गोल, प्रचंड कॉन्स्तांस बुरूज. तटाचं काम त्याचा मुलगा तिसरा फिलिप याने 1272 मध्ये सुरू केलं. इटलीतल्या जिनोव्हाचा बोकानेग्रा पैसा आणि काम दोन्ही बघायला पुढे आला, पण दोनच वर्षांत वारला. तट पुरा झाला तो चौथ्या फिलिपच्या काळात. लांबी 1,634 मीटर, 20 बुरूज, 10 दरवाजे.

कॉन्स्तांस बुरुजाची भिंत 6 मीटर जाड आहे. आत शिरताना ते बोगद्यासारखं जाणवतं. वरच्या टोकाला छोटा मनोरा आणि त्यावर लोखंडी पिंजरा दिसेल. त्यात दिवा लावत, म्हणजे हे दीपगृहही होतं. 1685 नंतर प्रोटेस्टंट पंथ बेकायदा ठरला आणि इथे कैदी आले. 1705 मध्ये प्रोटेस्टंट बंडखोर आब्राम माझेल 16 साथीदारांसह इथून निसटला. पुढे हा बायकांचा तुरुंग झाला. 1730 मध्ये आत टाकलेली मारी द्युराँ 1768 मध्ये सुटली, 38 वर्षांनी. पंथ सोडते असं म्हटलं असतं तर आधीच सुटली असती. वरच्या दालनात जमिनीत मधोमध गोल भोक आहे. त्याच्या दगडी कठड्यावर 'प्रतिकार करा' अशा अर्थाचा एकच फ्रेंच शब्द कोरलेला आहे आणि तो तिचाच मानला जातो. अक्षरं लहान आणि झिजलेली आहेत. दालनात आल्या आल्या आधी कठडा शोधा, नाहीतर गर्दीत जवळ जाता येत नाही.

फांजीवरून चालताना

तिकीट एकच, त्यात बुरूज आणि तट दोन्ही येतात. 18 वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत. 1 जानेवारी, 1 मे आणि 25 डिसेंबरला बंद. सकाळी उघडताच आत जा, कारण फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवर, सावली जवळजवळ नाही आणि पूर्ण फेरीला पाऊण ते एक तास लागतो. जिने अरुंद, गोल आणि दगडी आहेत. गुडघ्यांचा त्रास असेल तर खालून गावाबाहेरची फेरी मारा. चर्या (तटाच्या माथ्यावरचे दाते) आणि जंग्या (मारा करायची भोकं) तिथूनही छान दिसतात. मिस्त्राल हा इथला जोराचा उत्तरेचा वारा सुटला असेल तर टोपी डोक्यावर राहत नाही, गळ्यात दोरी असलेली आणा.

दक्षिणेच्या तटाला पाच दरवाजे का, हा प्रश्न पडायला हवा. धक्के त्या बाजूला होते. त्यातल्या एका दरवाजाचं नावच होड्या बांधायच्या लोखंडी कडीवरून पडलं आहे. नैर्ऋत्येचा बुरूज बर्गंडीवाल्यांचा, म्हणजे बर्गंडीच्या सरदाराच्या सैनिकांचा म्हणून ओळखतात. 1421 मध्ये कापलेल्या या सैनिकांची प्रेतं सडू नयेत म्हणून त्यात मिठाखाली घातली, अशी आख्यायिका आहे.

मिठागर

दक्षिण तटावरून गुलाबी पाणी दिसतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ असतं. एका कोंडीतून दुसरीत फिरवत, ऊन-वाऱ्याने आटवत ते 260 ग्रॅमच्या आसपास नेलं की मीठ खाली बसू लागतं. इतक्या खाऱ्या पाण्यात ड्युनालिएला हे शेवाळ तगतं आणि रंग त्याचा. ते शेवाळ बारीक कोळंबीसारखे जीव खातात, त्यांना फ्लेमिंगो खातात, म्हणून फ्लेमिंगोही गुलाबी. (ठाणे खाडीत बहुतेक लहान जातीचे असतात, इथले मोठे.) उन्हाळ्यात रंग गडद असतो; हिवाळ्यात गेलात तर फोटोतलं गुलाबी शोधू नका. मिठागर खासगी आहे, मनाला येईल तसं आत चालता येत नाही, छोट्या गाडीची फेरी घ्यावी लागते. ती दुपार कलल्यावर घ्या, डासांसाठी पायभर कपडे घालून.

याच मिठागरांत 17 ऑगस्ट 1893 ला इटालियन मजुरांवर जमाव तुटून पडला. अधिकृत आकडा 8 मृतांचा. खटल्यात आरोपी निर्दोष सुटले.

खाणं आणि परतीची गाडी

गावची फुगास (पावाचा एक प्रकार) गोड असते, संत्र्याच्या फुलांच्या पाण्याचा वास येतो. मात्र तिच्या पिठात अंडं आणि लोणी असतं. ऑलिव्हची काळी चटणी तापनाद शाकाहारी वाटते, पण तीत अँचोव्ही मासे असतात. गार्दियान म्हणजे बैलाच्या मांसाचा रस्सा. दुपारी दोननंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होतं.

नीम शहराहून रेल्वेने सुमारे 45 मिनिटं लागतात. वेळापत्रकात फेरीपुढे बसचं चिन्ह असेल तर फलाटावर थांबू नका. ती गाडी स्टेशनबाहेर लागते.