सात वर्षांनी लग्न आपोआप मोडत नाही

नवरा ७ वर्षं बेपत्ता असला की बायको आपोआप मोकळी, ही समजूत खानदेशात अजून घट्ट आहे. ती चुकीची आहे आणि तिच्यापायी बायकांचं नुकसान होतं. सुरतेला कामाला गेलेला माणूस फिरकला नाही, म्हणून स्टॅम्पपेपरवर लिहून दुसरं लग्न लावलं, तरी न्यायालयाच्या हुकूमनाम्याशिवाय पहिलं लग्न मोडत नाही. तो जिवंत निघाला तर दुसरं लग्न रद्दबातल ठरतं.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात ७ वर्षांची तरतूद आहे, पण ती घटस्फोटाचा अर्ज करण्यासाठी. त्यातही इतकं थांबायलाच हवं असं नाही. विनाकारण सोडून जाऊन सलग २ वर्षं झाली असतील, तर परित्यागाच्या कारणावर घटस्फोट मागता येतो. धुळ्याला माहेरी राहणारी बाई धुळ्यातच अर्ज करू शकते.

‘पत्ताच नाही, मग नोटीस कोणाला?’ न्यायालयाच्या परवानगीने ती शेवटच्या ठावठिकाण्यावर चिकटवतात, वर्तमानपत्रात छापतात. तरीही तो आला नाही तर एकतर्फी सुनावणी होते. मात्र शोध घेतल्याचं दाखवावं लागतं. पोलिसांतली बेपत्ता नोंद, सासरच्यांचे जबाब जपून ठेवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो.

भिल्ल, पावरा अशा अनुसूचित जमातींना हिंदू विवाह कायदा सहसा लागू नाही. तिथे रूढी पाहतात. मुस्लिम स्त्रीला १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याने नवरा ४ वर्षं बेपत्ता असल्यास दाद मागता येते.