खेड्यातील ख्रिस्ती मंडळी (अहिल्यानगर जिल्हा)

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेवासा, राहुरी, शेवगाव आदी तालुक्यांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून उभ्या राहिलेल्या लहान प्रॉटेस्टंट मंडळ्या. एका गावातली मंडळी म्हणजे बहुधा एकाच भावकीतली काही घरे, रविवारच्या उपासनेसाठी एक खोली आणि ती चालवणारा एक मास्तर. मिशनऱ्यांच्या चरित्रांतून या मंडळ्यांचा इतिहास वाचायला मिळतो खरा, पण त्यात गावातला माणूस फारसा दिसत नाही. मिशनरी वर्षातून एक-दोनदा तंबू ठोकून जात असे. मंडळी टिकली ती मास्तर आणि गाणे यांच्यावर.

‘अमेरिकन बोर्ड’ या अमेरिकेतल्या प्रॉटेस्टंट संस्थेचे मिशनरी १८१३ च्या सुरुवातीला मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना आधी परत पाठवू पाहिले, पण मिशनऱ्यांना मुभा देणाऱ्या १८१३ च्या सनदेनंतर त्यांचा जम बसला. पुढे हेच काम अमेरिकन मराठी मिशन म्हणून ओळखले गेले. १८३१ च्या अखेरीस नगरला ठाणे उघडले आणि १८३३ मध्ये तिथे पहिली मंडळी स्थापन झाली. सुरुवातीचा भर शहरावर आणि शाळांवर होता. १८५४-५५ मध्ये बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीला आले, तेव्हा धोरण पालटले. इंग्रजी शिक्षणावरचा खर्च थांबवावा, मराठीतून काम करावे, मंडळ्या खेड्यांत रुजवाव्यात आणि त्यांना देशी पाळक (मंडळीचे धर्मगुरू) द्यावेत, असे ठरले. १८५४ मध्येच हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांची पाळक म्हणून दीक्षा झाली. दोघेही ब्राह्मण कुटुंबांतले, आणि ज्यांची सेवा करायची ते बहुसंख्य लोक महारवाड्यातले. प्रभुभोजनाच्या वेळी सर्वांनी एकाच प्याल्यातून द्राक्षारस घ्यायचा, हा त्या काळात साधा विधी नव्हता.

नेवासा तालुक्यातील वडाळा हे अशा खेडेगावच्या कामाचे मोठे केंद्र झाले. तिथे मिशनरी सॅम्युएल फेअरबँक यांनी दीर्घकाळ तळ ठोकला. (ते पक्ष्यांचे जाणकार होते आणि पळणी डोंगरातील एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव आहे. मंडळीच्या इतिहासाशी याचा संबंध नाही, पण त्यांच्याबद्दल बोलताना हे गाळवत नाही.) वडाळ्याभोवतीच्या गावांत मास्तर नेमले गेले आणि त्यांच्या शाळांभोवती मंडळ्या जमल्या.

या मंडळ्यांत सुरुवातीला बहुतेक महार आणि काही मांग (मातंग) कुटुंबे आली. म्हणून त्यांचा प्रश्न पहिल्यापासून पोटाचा होता. महारांकडे येसकरकी (गावच्या वेशीची राखण), निरोप पोचवणे, सरकारी कामात धावपळ करणे, मेलेली जनावरे ओढणे ही गावकामे असत. त्यांच्या बदल्यात वतनी जमीन आणि सुगीला खळ्यावरचे बलुते मिळे. यातली काही कामे देवस्थानाशी आणि जत्रेशी बांधलेली होती. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाने जत्रेतले काम नाकारले की गाव बलुते बंद करी. खळ्यावर धान्याची रास पडलेली असे, बाकीचे बलुतेदार आपापली पाटी भरून घेत आणि याला रिकाम्या हाताने परतावे लागे. विहीर, स्मशान, रस्ता यांवरून तंटे होत आणि काही मामलेदारापर्यंत जात. त्यामुळे एकटा-दुकटा माणूस ख्रिस्ती झाला तर त्याचे गावात टिकणे कठीण जाई. भावकी मिळून आली तर मंडळी उभी राही. अनेक कुटुंबांनी वतन सोडले नाही. रविवारी उपासना आणि सोमवारी येसकरकी अशी तडजोड त्यांनी स्वीकारली. मिशनऱ्यांना ती खटके, पण पोट भरण्याची दुसरी सोय त्यांच्याकडेही नव्हती.

मास्तर हा या व्यवस्थेचा कणा. तो नगरच्या मिशन शाळेत शिकून आलेला असे. दिवसा तो मुलांना बाराखडी, पाढे आणि बायबलमधल्या गोष्टी शिकवी. संध्याकाळी प्रार्थना घेई. रविवारी उपदेश करी. मधल्या वेळात कोणाचा अर्ज लिहून दे, कोणाचे पत्र वाचून दाखव. सावकाराच्या खात्यावर अंगठा उठवण्याआधी आकडा वाचून घ्यायला लोक त्याच्याकडे येत. खोलीही एकच होती. आठवडाभर शाळा, रविवारी तिचेच देऊळ. मातीच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, एका बाजूला पुरुष आणि दुसऱ्या बाजूला बायका, समोर एक टेबल. मास्तरची बायको किंवा मिशनने नेमलेली बायबल-बाई घरोघरी जाऊन स्त्रियांना वाचायला शिकवी. काही खेड्यांत त्या गावची लिहिता-वाचता येणारी पहिली बाई महारवाड्यातली होती, आणि पाटलाच्या वाड्यात याची चर्चा झाल्याशिवाय राहिली नाही.

गाण्याचा इतिहास याहून रंजक आहे. मिशनरी हेन्री बॅलंटाईन यांनी मराठीत पुष्कळ गीते रचली, पण त्यांच्या चाली पाश्चात्य होत्या. शहरातल्या मंडळीने त्या शिकून घेतल्या. खेड्यात त्या जमेनात. लोक शब्द गात आणि चाल आपली लावत. १८६० च्या दशकात नगरकडे ख्रिस्ती कीर्तन सुरू झाले. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे त्यातले महत्त्वाचे नाव. नमन, पूर्वरंग, आख्यान, मधूनमधून पदे आणि साथीला टाळ-मृदंग, अशा ओळखीच्या साच्यात येशूची गोष्ट आली. तीच गोष्ट उपदेशातून ऐकताना पेंगणारे गाव कीर्तनाला रात्री उशिरापर्यंत बसू लागले, आणि ख्रिस्ती नसलेलेही येऊन बसू लागले. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. नंतरची त्यांची बरीच वर्षे नगर आणि राहुरी भागात गेली. त्यांनी संतपरंपरेच्या भाषेत अभंग आणि भजने लिहिली. ती आजही मराठी प्रॉटेस्टंटांच्या ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहात आहेत आणि खेड्यात ती पुस्तक न उघडता म्हटली जातात. मिशनने दिलेल्या सगळ्या गोष्टींपैकी मंडळीने सर्वांत कमी कुरकुर करता स्वीकारली ती ही, असे म्हणायला हरकत नाही.

१८७६-७८ चा दुष्काळ, पुन्हा १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० चा, यांनी मंडळ्यांचे स्वरूप बदलले. मिशनने कामे काढली, धान्य वाटले, अनाथ मुले सांभाळली, आणि सभासद झपाट्याने वाढले. ‘दुष्काळी ख्रिस्ती’ असा शेरा तेव्हापासून मारला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही, पण पावसाने साथ दिल्यावरही बरीच कुटुंबे मंडळीतच राहिली, हे हा शेरा मारणारे सांगत नाहीत. १८७० च्या दशकात अँग्लिकनांची (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्यांची) एस. पी. जी. ही मिशनरी संस्था जिल्ह्यात आली आणि १८७८ च्या सुमारास रोमन कॅथलिकांचे जेसुइट पाद्रीही आले. मग एकाच गावात दोन देवळे, दोन मास्तर आणि दोन शाळा असे प्रकार झाले. भावकीतला वाद झाला की एक गट उठून दुसऱ्या मिशनकडे जाई. मतभेद धर्मशास्त्राचा असल्याचे नंतर सांगितले जाई.

मंडळीने आपला खर्च आपण भागवावा, हा मिशनचा आग्रह कायम होता. रोख पैसा कोणाकडेच नव्हता, म्हणून अर्पण वस्तूंचे असे. सुगीनंतरच्या उपासनेला लोक ज्वारी-बाजरीची पाटी, शेंगा, भोपळा, अंडी, कोंबडा घेऊन येतात आणि उपासना संपल्यावर तिथेच लिलाव होतो. एखादे अंडे बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जाते. घेणारा ते पुन्हा अर्पण करतो आणि ते पुन्हा पुकारले जाते. मुंबईहून आलेला भाचा आणि गावातला मामा यांच्यात चढाओढ लागली की हशा पिकतो आणि पाळकाच्या पगाराची थोडी सोय होते.

या मंडळ्या विरळ होत गेल्या त्याला त्यांची शाळाच मुख्यतः कारणीभूत झाली. हुशार मूल गावच्या मास्तरकडून नगरच्या बोर्डिंगात जाई, तिथून शिक्षक, परिचारिका, कंपाउंडर किंवा कारकून होऊन मुंबई-पुण्याला, आणि परत येई ते नाताळला. १९३० च्या दशकातील मंदीत अमेरिकेहून येणाऱ्या निधीला कात्री लागली. पुढे प्राथमिक शाळा लोकल बोर्डाच्या आणि १९६२ नंतर जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत आल्या. मास्तरकी आणि धर्मसेवा एकाच माणसाकडे असण्याचे दिवस संपले.

स्वातंत्र्यानंतर आणखी एक पेच पडला. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशानुसार ख्रिस्ती व्यक्तीला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. शिखांना तो १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाला. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरले जाते. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक नोंद आणि मंडळीच्या बाप्तिस्मा वहीत दुसरी, अशी घरे आढळतात. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर एक भाऊ बौद्ध आणि एक ख्रिस्ती अशीही विभागणी झाली. लग्नकार्यात दोघे एका पंगतीला बसतात. ज्या वतनावरून इतके तंटे झाले ते कनिष्ठ गावकामगारांचे वतन १९५८ च्या कायद्याने संपले.

अमेरिकन मिशनच्या मंडळ्या १९२४ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त उत्तर हिंदुस्थान मंडळीत सामील झाल्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा या मंडळ्या आणि अँग्लिकन एका छत्राखाली आले. ज्या गावांत दोन देवळे होती तिथे ती कागदावर एक झाली. बसण्याच्या जागा मात्र लोकांनी लवकर बदलल्या नाहीत. आता पुष्कळ ठिकाणी एका पाळकाकडे अनेक गावे असतात. तो येत नाही त्या रविवारी मंडळीतला एखादा वडीलधारा वचन वाचतो आणि भजने होतात. देवळाची जागा सहसा नोंदणीकृत न्यासाच्या नावावर असते, त्यामुळे साधे छप्पर बदलायलाही परवानगीचा कागद नगरहून आणावा लागतो.