मसल कारचा मॅनिफोल्ड आणि परत येणारी लहर

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जुन्या अमेरिकन मोटारींची जी मिरवणूक १९९५ पासून निघते, तिच्यात गेल्या खेपेस माझ्या शेजाऱ्यांची १९६९ सालची शेव्हरोले कॅमॅरोही होती. तिच्या ३५० घनइंची, म्हणजे सुमारे ५.७ लिटरच्या, व्ही-८ इंजिनावर त्यांनी हिवाळ्यात अ‍ॅल्युमिनियमचा नवा इनटेक मॅनिफोल्ड चढवला होता. तो उंच होता, देखणा होता आणि शर्यतीच्या गाड्यांवर दिसतो तसा सरळसोट नळ्यांचा होता. रस्त्यावर मात्र हिरवा दिवा लागला की गाडी आधी अडखळे, मग एक उचकी देई आणि त्यानंतर कुठे निघे. कारखान्याच्या लोखंडी मॅनिफोल्डपेक्षा याच्या नळ्या रुंद आहेत, मग ताकद कमी कशी झाली, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर देता देता आमची संध्याकाळ गेली. येथे तेच उत्तर थोडे नीटनेटके करून देतो.

ज्यांना या गाड्यांची, म्हणजे मसल कारची, ओळख नाही त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की मध्यम आकाराच्या, तुलनेने स्वस्त गाडीत मोठ्या गाडीचे दणकट व्ही-८ इंजिन बसवण्याची ही अमेरिकन हौस होती. १९६४ ची ३८९ घनइंची पॉन्टियाक जीटीओ हे तिचे ठळक उदाहरण. इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर आणि सिलिंडरांवरचे झाकण, अर्थात सिलिंडर हेड, यांच्यामधले ओतीव भांडे: वर कार्ब्युरेटर, त्याखाली प्लेनम नावाची पोकळी आणि तिच्यातून प्रत्येक सिलिंडरकडे जाणारी एक नळी, जिला रनर म्हणतात. मूळ मॅनिफोल्ड काढून त्या जागी दुसऱ्या उत्पादकाचा बसवणे हा येथल्या हौशी मंडळींचा जुना उद्योग आहे. व्हिक एडलब्रॉक यांनी फोर्डच्या फ्लॅटहेड व्ही-८ साठी स्वतःचा मॅनिफोल्ड १९३८ मध्येच बनवला होता.

मोठी नळी म्हणजे जास्त हवा आणि जास्त हवा म्हणजे जास्त ताकद, ही समजूत नळाखाली बादली लावण्याच्या अनुभवातून आलेली असावी. साधा हिशेब करून पाहू. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाइतकी हवा आत घेते. ५.७ लिटरचे इंजिन मिनिटाला ५,५०० फेऱ्यांनी फिरत असेल आणि सिलिंडर ८० टक्के भरत असतील, तर हवा लागते मिनिटाला सुमारे १२,६०० लिटर, म्हणजे साधारण ४५० घनफूट. ६०० घनफुटांचा साधा कार्ब्युरेटर एवढी हवा सहज देतो. रस्त्यावरच्या गाडीत हवेचा तुटवडा क्वचितच असतो. खरी अडचण अशी की इंजिन हवा सलग ओढत नाही, ते घोट घेते. आणि प्रत्येक घोटाची वेळ ठरलेली असते.

हे घोट कोणत्या क्रमाने घेतले जातात ते पाहिले की मॅनिफोल्डच्या आकाराचे अर्धे कोडे सुटते. शेव्हरोलेच्या या इंजिनात डाव्या रांगेत १, ३, ५, ७ आणि उजव्या रांगेत २, ४, ६, ८ हे सिलिंडर असतात, आणि त्यांची पाळी १-८-४-३-६-५-७-२ अशी येते. दर ९० अंशांनी नवा सिलिंडर हवा ओढू लागतो, पण प्रत्येकाचा इनटेक व्हॉल्व्ह सुमारे २५० अंश किंवा त्याहून अधिक काळ उघडा असतो. म्हणजे कोणत्याही क्षणी दोन-तीन सिलिंडर एकाच वेळी हवा मागत असतात. सगळ्या आठ नळ्या एकाच प्लेनममध्ये उघडत असतील, तर शेजारी एकमेकांच्या तोंडचा घास पळवतात. ५ आणि ७ हे तर एकाच रांगेतले सख्खे शेजारी, आणि पाळीही लागोपाठची.

जुन्या अभियंत्यांनी यावर काढलेला तोडगा मला आजही सुंदर वाटतो. क्रमातला एक सोडून एक सिलिंडर निवडा: १, ४, ६, ७ असा एक गट होतो आणि ८, ३, ५, २ असा दुसरा. प्रत्येक गटातले घोट आता १८० अंशांच्या अंतराने पडतात, आणि ५ व ७ आपोआप वेगळे होतात. या दोन गटांसाठी दोन स्वतंत्र प्लेनम करायचे, कार्ब्युरेटरची अर्धी तोंडे एकात आणि अर्धी दुसऱ्यात उघडायची. मात्र पहिल्या गटात डाव्या रांगेतली टोकाची दोन आणि उजव्या रांगेतली मधली दोन सिलिंडरे येतात, तर दुसऱ्यात नेमके उलट; त्यामुळे नळ्या एकमेकींवरून न्याव्या लागतात आणि मॅनिफोल्डला दोन मजले येतात. हाच ड्युअल-प्लेन मॅनिफोल्ड. त्याच्या वाकड्यातिकड्या नळ्या पाहून तो कुणी कसाबसा जुळवला आहे असे वाटते, पण ती वळणे पाळीच्या क्रमातून आलेली आहेत. शेजाऱ्यांनी बसवलेला होता सिंगल-प्लेन, म्हणजे एकच प्लेनम आणि आखूड, सरळ नळ्या.

आता लहरीकडे येतो, कारण खरी गंमत तिच्यात आहे.

रांगेत उभ्या असलेल्या माणसांची कल्पना करा. सर्वांत पुढचा एक पाऊल सरकला की त्याच्या मागे मोकळी जागा होते, मागचा ती भरतो, आणि मोकळी जागा मागे मागे सरकत शेपटापर्यंत पोहोचते. शेपटाशी बाहेर गर्दी ताटकळत उभी असेल, तर ती त्या जागेत घाईने घुसते आणि तिचा धक्का उलट दिशेने, पुढच्या माणसाकडे, येऊ लागतो. रनरमधल्या हवेचे असेच होते. पिस्टन खाली जाताना व्हॉल्व्हपाशी दाब घटतो; ही घट, म्हणजे शाळेतल्या पुस्तकातले विरलन, ध्वनीच्या वेगाने नळीतून वर जाते, प्लेनमच्या मोकळ्या तोंडाशी पोहोचते, आणि तेथून संपीडन होऊन परत फिरते. व्हॉल्व्ह अजून उघडा असताना हे संपीडन परतले, तर ते थोडी जादा हवा सिलिंडरमध्ये ढकलते. त्यासाठी वेगळा पंप लागत नाही. उशीर झाला तर मात्र त्याला दार बंद मिळते.

वेळ जुळते की नाही हे ठरवणारी लांबी काढता येते, आणि याचे सर्वांत धीट उदाहरण क्रायस्लरचे आहे. १९६० च्या क्रायस्लर ३००एफ मधल्या ४१३ घनइंची इंजिनावर इतक्या लांब नळ्या बसवल्या होत्या की डावीकडचा कार्ब्युरेटर उजव्या रांगेला आणि उजवीकडचा डाव्या रांगेला हवा पुरवी. दोन्ही कार्ब्युरेटर इंजिनाच्या बाहेर, बाजूला लटकलेले. नळीची हिशेबातली लांबी ३० इंच, म्हणजे ०.७६ मीटर. जाऊन-येऊन अंतर १.५२ मीटर. हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरला तर लहर परतायला ४.४ मिलिसेकंद लागतात. मिनिटाला २,८०० फेऱ्यांच्या वेगाने क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरता दांडा, तेवढ्या वेळात ७४ अंश फिरतो. पिस्टनचा खाली जाण्याचा वेग सर्वाधिक असतो तो वरच्या टोकापासून सुमारे ७५ अंशांवर. म्हणजे सर्वांत तीव्र विरलन तेथे जन्मते आणि संपीडन होऊन परतते सुमारे १५० अंशांवर, पिस्टन तळाशी पोहोचून स्वतःचा जोर संपवत असताना. व्हॉल्व्ह बंद होतो तळ ओलांडून आणखी बरेच अंश गेल्यावर. लहरीला स्वतःची रुंदीही असते, त्यामुळे ती हा उरलेला वेळ भरून काढते. या इंजिनाचा सर्वाधिक टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४९५ पौंड-फूट, कारखान्याने नेमका २,८०० फेऱ्यांवरच नोंदवलेला आहे.

वेग बदलला की जुळणी मोडते. त्याच ३० इंची नळीत ५,६०० फेऱ्यांवर लहर १४८ अंशांनी परतेल, म्हणजे २२० अंशांच्या पुढे, व्हॉल्व्ह मिटत आलेला असताना. म्हणून इंच आणि फेरे यांचा गुणाकार साधारण ८४,००० ठेवायचा, असा एक ढोबळ आडाखा मिळतो. अधिक वेगासाठी अधिक आखूड नळी. क्रायस्लरनेही शर्यतीसाठी याच मॅनिफोल्डची एक आवृत्ती केली; बाहेरून ती तशीच दिसे, पण आतली नळ्यांमधली भिंत कापून हिशेबातली लांबी १५ इंचांवर आणलेली होती. त्या इंजिनाची अश्वशक्ती ३७५ वरून ४०० झाली, पण खालच्या फेऱ्यांवरचा तो दणका उरला नाही.

सिंगल-प्लेन मॅनिफोल्डची नळी आणि हेडमधला मार्ग मिळून लांबी दहा-अकरा इंच भरते. आडाख्याप्रमाणे पहिली लहर जुळते साडेसात हजार फेऱ्यांच्या पुढे. त्याखाली दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या प्रतिध्वनीवर भागवावे लागते, आणि ते प्रत्येक फेरीत दुबळे होत जातात. ज्या इंजिनाला मालक ५,५०० च्या वर नेतच नाही, त्यात हा मॅनिफोल्ड म्हणजे भर उन्हात घेतलेली रजई.

येथे थोडे विषयांतर. हवेला भोवरा देऊन मायलेज वाढवणारी पाती, पेट्रोलच्या नळीवर बांधायची चुंबके, असल्या वस्तू अमेरिकेत अनेक दशके खपत आल्या आहेत आणि आपल्याकडेही खपतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली. बहुतेकांचा काहीही उपयोग दिसला नाही. गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्याला आपण हसतो, पण त्याचा खर्च निदान दहा-वीस रुपयांतच भागतो. जाहिरातीतल्या अश्वशक्तीचेही तसेच आहे. १९७१ पर्यंत बहुतेक अमेरिकन कारखाने आकडे देत ते पंखा, हवेचा फिल्टर, सायलेन्सर असा संसार बाजूला ठेवून मोजलेल्या उघड्या इंजिनाचे. १९७२ पासून निव्वळ आकडे आले आणि तीच इंजिने एका वर्षात अशक्त झाल्यासारखी दिसू लागली.

हवेबरोबर पेट्रोलही जाते, याचा विसर पडू देऊ नये. रुंद नळीत कमी फेऱ्यांवर हवा संथ वाहते, पेट्रोलचे थेंब तिला उचलून नेता येत नाहीत आणि ते भिंतींवर बसतात. एकाच मोठ्या प्लेनममध्ये सगळ्यांचे घोट मिसळल्याने कार्ब्युरेटरच्या गळ्यातली ओढही मंदावते, आणि ती मंदावली की पेट्रोल मोजून सोडणे चुकते. शेजाऱ्यांच्या गाडीची उचकी बहुधा यातून आलेली होती. म्हणूनच कारखान्याच्या मॅनिफोल्डखालून एक्झॉस्टचा गरम वायू फिरवलेला असतो. मिशिगनच्या थंडीत पेट्रोलची वाफ होण्यास तो मदत करतो. उन्हाळ्यात मात्र हीच ऊब हवा विरळ करते: दहा अंश सेल्सिअसने हवा तापली तर घनता सुमारे तीन टक्क्यांनी घटते. काही नवे मॅनिफोल्ड नळ्या आणि इंजिनचे गरम तेल यांच्यात मोकळी फट ठेवतात, ती यासाठी. नळ्या आतून आरशासारख्या घासून घेण्याची हौस मात्र कार्ब्युरेटरच्या इंजिनात निरर्थक आहे. किंचित खरखरीत पृष्ठभाग पेट्रोल पसरून उडण्यास बरा पडतो.

तेव्हा निवड करताना आधी टॅकोमीटरकडे, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्याकडे, पाहावे. चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाकडून ३.०८ फेऱ्या घेणारा, म्हणजे ३.०८ चा, मागचा अ‍ॅक्सल, २६ इंच उंचीची चाके आणि थेट टॉप गियर असेल तर ताशी ९६ किलोमीटरला इंजिन फिरते सुमारे २,४०० फेऱ्यांवर. शहरात त्याहून खाली. उत्पादक स्वतःच फेऱ्यांचा पट्टा सांगतात. एडलब्रॉकचा ड्युअल-प्लेन ‘परफॉर्मर’ आयडलपासून ५,५०० पर्यंत, ‘परफॉर्मर आरपीएम’ १,५०० ते ६,५०० आणि सिंगल-प्लेन ‘व्हिक्टर ज्युनियर’ ३,५०० ते ८,०००. आपली गाडी ज्या पट्ट्यात नव्वद टक्के वेळ असते, तो पट्टा घ्यावा. कॅमशाफ्ट, टॉर्क कन्व्हर्टर आणि अ‍ॅक्सल त्याच पट्ट्याचे हवेत.

बसण्या-न बसण्याच्या गोष्टी रुक्ष आहेत, पण पैसे तेथेच बुडतात. शेव्हरोलेच्या या इंजिनाच्या १९८७ पासूनच्या लोखंडी हेडमध्ये मधल्या चार बोल्टांचा कोन बदलला, आणि १९९६ च्या व्होर्टेक हेडला बाराऐवजी आठच बोल्ट लागतात; म्हणून गाडीच्या सालावर न जाता हेडवरचा ओतीव क्रमांक वाचावा. मूळ क्वाड्राजेट कार्ब्युरेटरची पुढची दोन तोंडे लहान आणि मागची दोन मोठी असतात, त्यामुळे वरचा पृष्ठभाग त्याला जुळणारा हवा. मॅनिफोल्डची उंची बॉनेटखाली मावते का, हे मातीचा गोळा फिल्टरवर ठेवून बॉनेट मिटून पाहावे.

शेजाऱ्यांनी शेवटी १,५०० ते ६,५०० च्या पट्ट्याचा ड्युअल-प्लेन बसवला आणि उचकी थांबली. उंच मॅनिफोल्ड त्यांनी विकलेला नाही. तो गॅरेजच्या फळीवर आहे, आणि त्याच्या शेजारी परवा ४.११ च्या गियरचे खोके दिसले.