इथिओपिया-इरिट्रिया वाद आणि ऑनलाइन चळवळ

इथिओपिया आणि इरिट्रिया हे आफ्रिकेच्या शिंगातले, म्हणजे ईशान्य टोकाचे दोन शेजारी देश. १९९८ ते २००० मध्ये त्यांच्यात मोठं युद्ध झालं, त्यानंतर अठरा वर्षं ना युद्ध ना शांतता अशी लटकलेली अवस्था राहिली, मग अचानक समेट झाला आणि २०२० मध्ये इथिओपियाच्या उत्तरेतल्या तिग्राय प्रांतात परत रक्तपात. या सगळ्याला समांतर एक दुसरी लढाई इंटरनेटवर चालू आहे आणि ती १९९० च्या दशकापासून आजपर्यंत थांबलेली नाही. ऑनलाइन चळवळ म्हटलं की आपल्याला २०११ चा इजिप्त आठवतो, पण इरिट्रियाचे लोक त्याच्या बऱ्याच आधीपासून नेटवर युद्धावरून भांडत होते, वर्गणी गोळा करत होते आणि एकमेकांना गद्दारही ठरवत होते. यात एक गोष्ट सुरुवातीपासून तशीच आहे, ती म्हणजे वाद घालणारे बहुतेक लोक देशाबाहेर राहतात आणि ज्यांच्या गावात तोफा डागल्या जातात त्यांच्याकडे नेट नसतं.

पार्श्वभूमी

इरिट्रिया आधी इटलीची वसाहत होती, मग ब्रिटिशांकडे, १९५२ मध्ये इथिओपियाशी संघराज्य म्हणून जोडली गेली आणि १९६२ मध्ये सम्राट हाइले सेलासीने ती सरळ गिळून टाकली. स्वातंत्र्याचा सशस्त्र लढा तीस वर्षं चालला. १९९१ मध्ये इरिट्रियाचे बंडखोर इरिट्रियाची राजधानी असमारात शिरले आणि त्यांचेच दोस्त असलेले तिग्रायचे बंडखोर इथिओपियाची राजधानी अदिस अबाबात, म्हणजे दोन्ही देशांची सत्ता एकाच वेळी जुन्या साथीदारांच्या हातात आली. १९९३ च्या सार्वमतात जवळपास सगळ्यांनी स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिलं. इरिट्रियात इसायास अफवेर्की राष्ट्राध्यक्ष झाले (अजूनही तेच आहेत, राष्ट्रीय निवडणूक आजवर झालेली नाही) आणि इथिओपियात सत्ता मेलेस झेनावी यांच्याकडे होती.

मग बिनसलं. १९९७ मध्ये इरिट्रियाने नक्फा हे स्वतःचं चलन काढलं, व्यापाराच्या हिशोबावरून कुरबुरी वाढल्या आणि मे १९९८ मध्ये बाडमे या धुळकट गावाच्या परिसरात चकमक होऊन युद्ध पेटलं. आपल्याकडे भावाभावांत बांधावरून पिढ्यान् पिढ्या कोर्टकचेऱ्या चालतात तसलाच हा मामला, फक्त इथे खंदक आणि रणगाडे होते. मृतांचे आकडे दोन्ही सरकारांनी आपापल्या सोयीने सांगितले, साधारण अंदाज ७० हजार ते १ लाखाचा आहे. ५ जून १९९८ या एकाच दिवशी इथिओपियाने असमाराच्या विमानतळावर बॉम्ब टाकले आणि इरिट्रियाने तिग्रायची राजधानी मेकेलेच्या आयदर भागातल्या शाळेच्या परिसरात, तिथे पन्नासहून जास्त सामान्य माणसं मेली. इथिओपियाने मूळ इरिट्रियाच्या सुमारे ७५ हजार लोकांना देशाबाहेर काढलं, तिकडूनही हजारो इथिओपियन परत पाठवले गेले. डिसेंबर २००० मध्ये अल्जियर्स करार झाला, १३ एप्रिल २००२ ला सीमा आयोगाने बाडमे इरिट्रियाला दिलं, आणि इथिओपियाने ते सोडलं नाही. पुढे नुकसानभरपाई आयोगाने मे १९९८ मध्ये आधी बळाचा वापर इरिट्रियाने केला असाही निकाल दिला, त्यामुळे भांडणाऱ्या दोन्ही बाजूंकडे दाखवायला एकेक कागद आहे आणि तेव्हापासून तेच दोन कागद एकमेकांच्या तोंडावर मारले जातात.

मराठी वाचकाला इथे एक धागा सापडेल. १९४१ मध्ये इटालियन फौजांविरुद्धच्या केरेनच्या लढाईत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन लढली होती, ते केरेन म्हणजे आजच्या इरिट्रियातलंच शहर. २००० नंतर सीमेवर युनोची जी शांतिसेना होती तिच्यातही भारतीय पलटण होती आणि काही काळ तिचं नेतृत्व मेजर जनरल राजेंदर सिंग यांच्याकडे होतं.

पहिला टप्पा: देहाई आणि युद्धाची वर्गणी

अमेरिकेत शिकायला आणि नोकरीला गेलेल्या इरिट्रियन लोकांनी १९९२ च्या सुमारास देहाई नावाचा ईमेलवरचा चर्चागट सुरू केला. तेव्हा खुद्द इरिट्रियात इंटरनेट नव्हतंच, ते आलं नोव्हेंबर २००० मध्ये, आफ्रिकेत जवळजवळ सगळ्यात शेवटी. म्हणजे अख्ख्या देशाची चर्चा वॉशिंग्टन, फ्रँकफर्ट, स्टॉकहोममधून चालायची आणि त्यात राज्यघटना कशी असावी इथपासून लग्नात किती खर्च करावा इथपर्यंत सगळं यायचं.

१९९८ ला युद्ध लागल्यावर सूर बदलला. आघाडीवरच्या बातम्यांची चिरफाड, परदेशी पेपरांना पत्रं कशी लिहायची याचे मसुदे, मोर्चे कुठे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैसे. कोणत्या शहरातून किती जमले ते जाहीर व्हायचं, मग दुसऱ्या शहराला चेव चढायचा, आणि या वर्गणीतून आणि सरकारी रोख्यांतून इरिट्रियाच्या सरकारला खराखुरा पैसा मिळाला. समोर इथिओपियन लोकांच्या स्वतःच्या वेबसाइट होत्या आणि दोन्हीकडचे एकमेकांच्या अड्ड्यांवर जाऊन शिव्या देऊन यायचे. युद्ध चुकीचं आहे असं या काळात बोलणारा माणूस विरळा, आणि बोललाच तर त्याला शत्रूचा हस्तक म्हणायचे.

फूट

मे २००० मध्ये इथिओपियन सैन्य इरिट्रियात खोलवर घुसलं आणि मग लोकांना प्रश्न पडायला लागले, की एवढी माणसं नेमकी कशासाठी मेली. ऑक्टोबर २००० मध्ये परदेशातल्या तेरा इरिट्रियन विचारवंतांनी बर्लिनमध्ये जमून राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिलं. ते खाजगी होतं पण फुटलं आणि नेटवर सगळीकडे फिरलं. २००१ मध्ये सत्ताधारी पक्षातल्याच पंधरा ज्येष्ठ नेत्यांनी खुलं पत्र काढलं. १८ सप्टेंबर २००१ ला त्यातले अकरा जण उचलले गेले, खाजगी वर्तमानपत्रं बंद झाली, पत्रकार तुरुंगात गेले आणि त्यातल्या बहुतेकांचा आजतागायत पत्ता नाही. त्या दिवशी जगाचं लक्ष न्यूयॉर्ककडे होतं हेही खरंच.

देशात पेपर उरले नाहीत म्हटल्यावर सगळी पत्रकारिता नेटवर गेली. अवाते डॉट कॉम २००० मध्येच सुरू झालं होतं, आस्मारिनो होतं, २००९ पासून पॅरिसहून रेडिओ एरेना. देहाई मात्र सरकारच्या बाजूला राहिलं. लष्करी सेवा कागदावर अठरा महिन्यांची पण युद्धानंतर बेमुदत झाली, त्यामुळे पोरं हजारोंनी पळाली आणि बाहेर नवीन पिढी तयार झाली जिला स्वातंत्र्यलढ्याचं जुन्या लोकांइतकं कौतुक नव्हतं.

या फाटाफुटीत पैशाची आणि भीतीची बाजू मोठी आहे. परदेशातल्या इरिट्रियन नागरिकाने उत्पन्नाच्या २ टक्के कर सरकारला द्यायचा असतो आणि त्याची पावती नसेल तर वकिलातीत कागदपत्रं अडतात, गावाकडे घर-जमिनीचं काम अडतं. त्यात आईवडील तिथेच, म्हणून विरोधक वर्षानुवर्षं टोपणनावाने लिहायचे. २०१९ मध्ये यियाक्ल नावाची लाट आली तेव्हा हे मोडलं: लोक मोबाइलसमोर बसून स्वतःचं नाव, बापाचं नाव सांगायचे, आता बस झालं म्हणायचे आणि पुढे आणखी काही जणांना असाच व्हिडिओ टाकायचं आव्हान द्यायचे. दिसायला साधं आहे, पण ज्याची आई असमारात आहे त्याने स्वतःच्या चेहऱ्याने हे करणं म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक.

सरकारचे समर्थकही गप्प बसलेले नव्हते. युनोच्या चौकशी आयोगाने २०१५ मध्ये इरिट्रियावर पहिला अहवाल दिल्यावर आयोगाकडे ४५ हजारांच्या आसपास पत्रं आली, बहुतेक टीका करणारी आणि बरीचशी एकाच छापाची. आयोगाने तरी २०१६ मध्ये मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा ठपका ठेवलाच.

२०१८ चा समेट आणि उलटलेल्या बाजू

८ जुलै २०१८ ला इथिओपियाचे पंतप्रधान अबी अहमद असमारात गेले आणि दुसऱ्या दिवशी युद्ध संपल्याची घोषणा झाली. फोनलाइन जोडल्या गेल्या तेव्हा लोकांनी अक्षरशः कुठलेही नंबर फिरवून पलीकडच्या अनोळखी माणसाशी गप्पा मारल्या. पहिल्या विमानात वीस-वीस वर्षं न भेटलेले नातेवाईक होते. २०१९ चं शांततेचं नोबेल अबींना मिळालं. सप्टेंबर २०१८ मध्ये उघडलेली सीमेवरची नाकी काही महिन्यांतच एकेक करून परत बंद झाली, पण त्याचे फोटो कोणी फारसे टाकले नाहीत.

नोव्हेंबर २०२० मध्ये इथिओपियाचं केंद्र सरकार आणि तिग्रायचा पक्ष टीपीएलएफ यांच्यात युद्ध सुरू झालं आणि इरिट्रियाचं सैन्य केंद्राच्या बाजूने तिग्रायमध्ये शिरलं. १९९८ ला जे एकमेकांना नेटवर धुवत होते ते इथिओपियन आणि इरिट्रियन सरकारसमर्थक आता एका बाजूला आले. तिग्रायमध्ये फोन आणि नेट बंद केलं गेलं, मग मेलबर्न, लंडन, अमेरिकेतल्या तिग्राय तरुणांनी ट्विटरवर मोर्चा उघडला. यातल्या अनेकांचं आधी ट्विटर खातंच नव्हतं. तयार मजकुराची पानं बनवली होती, बटण दाबलं की ट्वीट जायचं आणि सोबत युनो, परराष्ट्रमंत्री, पत्रकार यांना टॅग. समोरच्यांनी याला बॉट, म्हणजे आपोआप चालणारी खोटी खाती म्हटलं, पण २०२१ मधल्या संशोधनात दिसलं की दोन्ही बाजूंची खाती बहुतांशी खऱ्या माणसांची आहेत. मला हेच जास्त गंभीर वाटतं, कारण बॉट कंपनीला बंद करता येतो, पण ज्याची बहीण तिग्रायमधल्या शिरे शहरात अडकली आहे आणि आठ महिने फोन लागत नाही त्याला स्पॅम कसं म्हणणार.

नोव्हेंबर २०२१ मध्ये नो मोअर ही हॅशटॅगची उलटी लाट आली. पश्चिमेची ढवळाढवळ थांबवा, मीडिया खोटं सांगतोय, असा तिचा सूर होता आणि इथिओपियाचे आणि इरिट्रियाचे झेंडे एकत्र घेऊन अनेक देशांत मोर्चे निघाले. वसाहतवादविरोधाची भाषा आफ्रिकेत खरी आणि जुनी आहे, म्हणूनच ती इथे चालून गेली, पण तिच्या आडून तिग्रायमधल्या अक्सुम शहरातल्या हत्याकांडासारख्या गोष्टी सरळ नाकारल्या जात होत्या. इरिट्रियाचं सैन्य तिग्रायमध्ये आहे हेच अनेक महिने दोन्ही सरकारं आणि त्यांचे समर्थक नाकारत होते, मार्च २०२१ मध्ये अबींनी संसदेत कबूल केलं तेव्हा समर्थकांची चांगलीच पंचाईत झाली.

पुराव्याचं कामही नेटवरच झालं. तिग्रायमधल्या माहबेरे देगो इथल्या कड्यावर इथिओपियन सैनिक निःशस्त्र लोकांना मारताना दिसतात तो व्हिडिओ घेऊन बीबीसी आणि नेटवरच्या पुराव्यांवरून तपास करणारा गट बेलिंगकॅट यांनी डोंगराच्या कडांची रेघ उपग्रह-चित्रांशी जुळवली आणि जागा शोधून काढली.

कंपन्यांची जबाबदारी

नोव्हेंबर २०२१ मध्ये फेसबुकने खुद्द अबींची एक पोस्ट हिंसेला चिथावणी म्हणून काढली आणि ट्विटरने इथिओपियात ट्रेंड दाखवणं बंद केलं. पण त्याच महिन्यात बहिर दार शहरात एका तिग्राय प्राध्यापकांची घराबाहेर हत्या झाली, आधी फेसबुकवर त्यांचा फोटो आणि पत्ता फिरत होता आणि मुलाने तक्रारी करूनही पोस्ट वेळेत निघाल्या नाहीत. त्याने आणि इतरांनी डिसेंबर २०२२ मध्ये नैरोबीच्या कोर्टात फेसबुकची मालक कंपनी मेटावर दावा लावला, एप्रिल २०२५ मध्ये कोर्टाने तो केनियात चालू शकतो असं ठरवलं. डझनावारी भाषांच्या देशात त्यातल्या मोजक्याच भाषा वाचू शकणारी थोडी माणसं बसवून कारभार चालला होता हा त्यातला मुख्य आरोप.

रस्त्यावर आलेला वाद

२०२३ मध्ये स्क्रीनवरचं भांडण हाणामारीवर आलं. इरिट्रियाच्या सरकारसमर्थकांचे सांस्कृतिक महोत्सव जर्मनीतल्या गीसेनमध्ये, स्टॉकहोममध्ये उधळले गेले. सप्टेंबरमध्ये तेल अवीवला आकाशी टीशर्ट घातलेले विरोधक आणि सरकारसमर्थक एकमेकांवर तुटून पडले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दीडशेहून जास्त जखमी. आकाशी रंग १९५२ च्या इरिट्रियन झेंड्याचा. विरोधकांच्या गटाचं नाव ब्रिगेड न्हामेदू, सगळी जमवाजमव टिकटॉक आणि लाइव्ह व्हिडिओवरून.

सध्याचा मुद्दा: असाब

प्रिटोरिया कराराने नोव्हेंबर २०२२ मध्ये तिग्रायचं युद्ध थांबलं, इरिट्रिया त्या करारात नव्हता आणि तिथून दोस्ती आटली. ऑक्टोबर २०२३ मध्ये अबींनी टीव्हीवर लाल समुद्राचा विषय काढला, की बारा कोटींच्या आसपासचा देश किनाऱ्याशिवाय किती दिवस राहणार. तेव्हापासून इरिट्रियाचं लाल समुद्रावरचं असाब बंदर हा ऑनलाइन वादाचा केंद्रबिंदू आहे. इथिओपियन खाती असाब आपल्या रंगात दाखवणारे नकाशे टाकतात, इरिट्रियन खाती १९९३ चं सार्वमत आणि वसाहतकालीन करार टाकतात. २०२१ ला जे नो मोअरच्या मोर्चात खांद्याला खांदा लावून होते ते परत समोरासमोर, आणि दुसरीकडे तिग्राय आणि इरिट्रियातल्या काही लोकांनी २०२५ मध्ये आपसात समेटाची भाषा सुरू केली, त्यावर तिग्राय लोकांमध्येच जोरदार भांडणं चालू आहेत, कारण इरिट्रियाच्या सैन्याने जे केलं त्याचा हिशोब कोणी दिलेला नाही. असाबमध्ये राहणारे अफार लोक दोन्ही देशांत आणि जिबुतीतही आहेत, त्यांचं मत या भांडणात क्वचितच कोणी विचारतं.