सौदा चालू असताना कॅशे कशी बदलायची?

ऑक्टोबरात नवं सोयाबीन आलं की लातूरच्या आडत बाजारात सौदा निघायच्या वेळेला औसा, निलंगा, अहमदपूरकडचे शेतकरी मोबाईलवर भाव बघतात. असे भाव दाखवणारी एखादी सेवा धरून चालू. प्रत्येक वेळी थेट डेटाबेसला विचारलं तर तो मान टाकेल, म्हणून नुकतंच काढलेलं उत्तर रॅममध्ये धरून ठेवतात. हीच कॅशे. एका मशीनची रॅम पुरेनाशी झाली की डेटा अनेक मशीनवर वाटतात आणि क्लस्टर तयार होतं. त्यात चालणाऱ्या कॅशे प्रोग्रामच्या प्रत्येक प्रतीला नोड म्हणतात. या प्रोग्रामची आवृत्ती कधी ना कधी बदलावीच लागते, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्या जुन्या आवृत्तीला कायम मिळत नाहीत.

सेवा बंद ठेवून बदलायची की चालू ठेवून, हे ठरवण्याआधी एक हिशेब करा. मिनिटाला २०,००० विनंत्या येतात आणि त्यातल्या ९५ टक्के कॅशेतूनच भागतात असं समजा. डेटाबेसवर फक्त १,००० जातात. कॅशे रिकामी झाली की त्याच डेटाबेसवर २०,००० आदळतात, म्हणजे वीसपट. हा भार तो पेलत असेल तर रात्री बाजार बंद असताना अर्धा तास सेवा थांबवून सगळे नोड एकदम बदलणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे. पायऱ्या कमी, म्हणून चुकाही कमी. मात्र लॉगिन, ओटीपी किंवा अर्धवट भरलेले अर्ज फक्त कॅशेतच ठेवले असतील, तर पुसल्यावर ते परत येणार नाहीत. ती माहिती आधी डेटाबेसात हलवा, मगच अपग्रेडला हात घाला.

सेवा चालू ठेवायची असेल तर सगळं क्रमावर अवलंबून आहे. रेडिस या कॅशे प्रोग्रामचं क्लस्टर घेऊ. त्यात डेटा १६,३८४ स्लॉटमध्ये, म्हणजे कप्प्यांत, वाटलेला असतो. लिखाण घेणारे मुख्य नोड, म्हणजे मास्टर, तीन असतील तर प्रत्येकाकडे साधारण ५,४६१ स्लॉट येतात आणि प्रत्येक मास्टरमागे त्याची नक्कल ठेवणारी एक रेप्लिका असते. नियम असा, की आधी रेप्लिका आणि शेवटी मास्टर, कारण पूर्ण नक्कल देताना मास्टर आपला डेटा फाइलच्या रूपात रेप्लिकेला पाठवतो. नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीची डेटा फाइल वाचते, पण उलट चालेलच असं नाही. फाइलचा नमुना बदललेला असेल तर जुना नोड ती वाचायलाच नकार देतो.

एक रेप्लिका थांबवा, नवा प्रोग्राम टाका, सुरू करा. मग ‘इन्फो रेप्लिकेशन’ हा आदेश चालवून मास्टरशी दुवा जुळला आहे आणि डेटाचं अंतर भरून निघालं आहे याची खात्री करा. ती होईपर्यंत पुढच्या नोडला हात लावू नका. नेमकं इथंच घोडं अडतं. रेप्लिका बंद असताना झालेले बदल मास्टर एका बॅकलॉगमध्ये ठेवतो आणि सेटिंग बदललं नाही तर त्याचा आकार असतो फक्त १ एमबी. सेकंदाला ५०० केबी लिहिलं जात असेल तर दोन सेकंदांत तो भरतो आणि रेप्लिकेला सगळा डेटा पहिल्यापासून ओढावा लागतो. दोन मिनिटांच्या बंदसाठी ६० एमबी लागतात; १२८ ठेवा म्हणजे काळजी नाही. पूर्ण डेटा पाठवताना मास्टर स्वतःची दुसरी प्रत (प्रोसेस) चालवतो, तेव्हा लिखाण जोरात असेल तर रॅम झपाट्याने वाढते. शिवाय रेप्लिकेला पाठवायचा राहून साचलेला डेटा, म्हणजे बफर, २५६ एमबीच्या वर गेला, किंवा ६० सेकंद ६४ एमबीच्या वर राहिला, की मास्टर दुवाच तोडतो. मग पुन्हा पहिल्यापासून नक्कल, पुन्हा तोड, असं चक्र सुरू होतं. मर्यादा आधीच वाढवून घेतली तर हे टळतं.

रेप्लिका तयार झाली की तिच्यावर ‘क्लस्टर फेलओव्हर’ हा आदेश द्या. जुना मास्टर क्षणभर नवं लिखाण रोखतो, रेप्लिका शेवटच्या नोंदीपर्यंत पोचते आणि मग कारभार हाती घेते. काही हरवत नाही. घाईत मास्टर थेट बंद केला तर तो गेल्याचं इतरांना कळायलाच ठरलेल्या सेटिंगप्रमाणे १५ सेकंद जातात, आणि रेप्लिकेपर्यंत न पोचलेलं लिखाण गेलं ते गेलंच. कोणताही स्लॉट बेवारस राहिला की ठरलेल्या सेटिंगनुसार अख्खं क्लस्टर उत्तरं देणं थांबवतं. म्हणून एका वेळी एकच जोडी. फेलओव्हरनंतर दोन मास्टर एकाच मशीनवर येत नाहीत ना, हेही बघा, कारण नवा मास्टर निवडायला मास्टरांचं बहुमत लागतं आणि ते मशीन पडलं तर उरलेल्या एकाच्या जोरावर ते होत नाही.

पदावरून उतरलेला जुना मास्टर आता नव्या आवृत्तीच्या नोडची रेप्लिका बनू बघतो आणि वर सांगितलेली फाइलची अडचण त्याच्याच वाट्याला येते. त्याला रेंगाळू देऊ नका, लगेच बदला. इथून मागे फिरणं म्हणजे जवळजवळ कॅशे रिकामी करणंच, त्यामुळे वीसपटीचा हिशेब या मार्गालाही चुकत नाही.

अ‍ॅपची बाजू अनेकदा राहून जाते. स्लॉट दुसरीकडे गेला की नोड ‘मूव्ह्ड’ असं उत्तर आणि नवा पत्ता देतो. अ‍ॅपमधली लायब्ररी ते समजून नोडांची यादी ताजी करते का, हे चाचणीच्या क्लस्टरवर फेलओव्हर करून आधीच तपासा.

कॅशे रिकामी करून सुरू करायची असेल तर जास्त वाचल्या जाणाऱ्या नोंदी, म्हणजे सोयाबीन, तूर, हरभरा, आधी भरून घ्या. नोंद कॅशेत किती वेळ टिकवायची याची मुदत सगळ्यांना एकच देऊ नका. पाच मिनिटांच्या मुदतीत ३० सेकंद इकडेतिकडे करा, नाहीतर सगळ्या एकदम संपतात. एकाच नोंदीसाठी शंभर विनंत्या आल्या तर एकीलाच डेटाबेसकडे जाऊ द्या, बाकीच्यांना थांबवा. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या मोजणीत अशा उपायाने डेटाबेसवरचा कमाल भार सेकंदाला १७,००० वरून १,३०० वर आला होता.