पाळी गेल्यानंतरची दहा वर्षं आणि धमनीचं अस्तर

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सांगलीत विश्रामबागेत गेले होते. वाणं लुटून झाली आणि एका वहिनींनी फोन पुढे केला. ‘पाळी गेल्यावर घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्या हृदयाला उत्तम, अमेरिकेने धोक्याचा इशारा काढून टाकला’ असा मेसेज होता. वहिनींची एकसष्टी झालेली, पाळी जाऊन 14 वर्षं झालेली. “मॅडम, मग आपण सगळ्याजणींनीच चालू करायच्या का?” मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवलं, म्हणून असे प्रश्न माझ्याकडे येतात. तिथे दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

बातमी खरी आहे, मेसेज मात्र अर्धाच आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) या औषधांच्या माहितीपत्रकावरचा हृदयविकार आणि स्तनाच्या कर्करोगाबद्दलचा ठळक चौकटीतला इशारा काढून टाकायचं जाहीर केलं. ही चौकट आली होती ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीमुळे. तिच्या एका भागात गर्भाशय शाबूत असलेल्या 16,608 स्त्रिया होत्या. निम्म्यांना इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) यांची गोळी, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. वर्षाला 10,000 स्त्रियांमागे हृदयविकाराच्या घटना साध्या गोळीवर 30, तर हार्मोनवर 37 झाल्या. स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघातही वाढलेले दिसले. जुलै 2002 मध्ये हा भाग मुदतीआधीच थांबवला गेला आणि जगभर बायकांनी गोळ्या सोडल्या. या स्त्रियांचं सरासरी वय 63 होतं, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा-बारा वर्षं उलटली होती. सगळी गोम इथेच आहे, आणि ती समजण्यासाठी धमनीच्या आत शिरावं लागतं.

1980 साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या महाधमनीवरच्या प्रयोगांतलं एक कोडं सोडवलं. धमनीच्या पट्टीवर असिटिलकोलिन टाकलं की ती कधी आकसायची, कधी सैल पडायची. रसायन तेच, ऊतक तेच. फरक सापडला तो पट्टी कापण्याच्या पद्धतीत. कापताना आतली बाजू घासली गेली, तर पट्टी सैल पडतच नव्हती. आतल्या बाजूला पेशींचा फक्त एक पदर असतो, त्याला एंडोथेलियम म्हणतात. स्नायूला ‘सैल हो’ हा निरोप तो पदर देत होता. निरोप्या निघाला नायट्रिक ऑक्साइड हा वायू, आणि 1998 चं वैद्यकाचं नोबेल फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना या कामासाठी मिळालं. घरोघरी आजोबांच्या खिशात जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी असते ना, ती हाच वायू पुरवते.

इस्ट्रोजेनचा नायट्रिक ऑक्साइडच्या या कारखान्याशी थेट संबंध आहे. अस्तराच्या पेशीवर त्याचा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे त्याला धरून घेणारं प्रथिन) असतो, अल्फा जातीचा. इस्ट्रोजेन त्याला चिकटलं की काही मिनिटांत पीआय-3 कायनेज हे विकर (एन्झाइम) जागं होतं, ते एकेटी या प्रथिनाला उठवतं आणि एकेटी ‘ई-नॉस’ या विकरावर फॉस्फेट बसवतं. ई-नॉस आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड बनवतं. वायू शेजारच्या स्नायूपेशीत झिरपतो, तिथे सायक्लिक जीएमपी हे निरोप पुढे नेणारं रसायन वाढतं, कॅल्शियम उतरतं आणि स्नायू सैलावतो. शिवाय याच वायूमुळे रक्तबिंबिका (प्लेटलेट) अस्तराला सहजी चिकटत नाहीत.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घसरतं. आपल्याकडे पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिशीत जाते, युरोप-अमेरिकेपेक्षा चार-पाच वर्षं आधी. पुढच्या वर्षांत अस्तर राठ होत जातं, भिंतीत चरबीचे थर बसतात, ग्राहकही कमी होतात. कोलेस्टेरॉलपासून शरीरातच बनणारं 27-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल उरलेल्या ग्राहकांवर बसून इस्ट्रोजेनची जागा अडवतं. अशा धमनीत उशिरा आलेलं इस्ट्रोजेन काही विकरं वाढवतं, आणि ती चरबीच्या थरावरचं झाकण पातळ करू शकतात. झाकण फाटलं की गुठळी.

तासगावकडच्या द्राक्षबागायतदाराला हे चटकन कळेल. ठिबकच्या नळ्यांत वेळच्या वेळी आम्ल सोडलं तर क्षार धरत नाहीत. दहा वर्षं सोडलंच नाही आणि मग एकदम सोडलं, तर सुटलेल्या खपल्या ड्रिपरमध्ये जाऊन अडकतात. धमनी जिवंत असते, नळी नव्हे, एवढा फरक लक्षात ठेवायचा.

‘एलिट’ नावाच्या चाचणीत (निष्कर्ष 2016) हेच तपासलं गेलं. 643 स्त्रियांच्या मानेतल्या धमनीच्या भिंतीची जाडी मोजली. पाळी जाऊन सहा वर्षं झाली नव्हती त्यांच्यात इस्ट्रोजेनमुळे जाडी हळू वाढली. दहा वर्षं उलटलेल्यांत काहीच फरक पडला नाही. ही जाडीची मोजणी होती, हृदयविकाराचे झटके मोजलेले नव्हते. म्हणूनच केवळ हृदय जपण्यासाठी हार्मोन घ्या, असं कुठलीही जबाबदार मार्गदर्शिका सांगत नाही. अंगातून वाफा निघणं, रात्री घामाने जाग येणं असा त्रास असेल, वय साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत असेल, तर बहुतेक निरोगी स्त्रियांत फायद्याचं पारडं जड असतं.

त्याच हळदीकुंकवात दुसरी एक समजूतही ऐकली: पाळी थांबली की ‘वाईट रक्त’ अंगात साठतं आणि बीपी चढतं. पाळीचं रक्त गर्भाशयाच्या झडलेल्या अस्तराबरोबर येतं. अस्तर वाढायचंच थांबलं की साठायला काही उरत नाही. या भीतीवर ‘रक्तशुद्धी’ची महागडी चूर्णं विकली जातात आणि बीपीची गोळी मागे पडते, याचा मला मनापासून राग येतो.

वहिनींना मी गोळ्या नकोत म्हटलं. बीपी, साखर आणि रोजचं चालणं, तिथे लक्ष द्या. त्यांच्या जाऊबाई मात्र 48 वर्षांच्या, पाळी जाऊन दीड वर्ष, वाफांनी बेजार. त्यांना डॉक्टरांकडे जाच म्हटलं. गर्भाशय असल्याने नुसतं इस्ट्रोजेन चालणार नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन लागेल, आधी मॅमोग्राफी लागेल, हे सांगितलं. त्यांनी पर्समधून घडी घातलेला रक्ताचा रिपोर्ट काढला. ट्रायग्लिसराइडच्या आकड्याभोवती कुणीतरी पेनाने गोल केला होता. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतात जातं, तिथे ट्रायग्लिसराइड आणि रक्त गोठवणारी प्रथिनं वाढतात. कातडीवर लावायचं जेल हा टप्पा टाळतं. मी रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून दिलं: ‘गोळी की जेल, हे डॉक्टरांना विचारा.’